राज्य कोणावर?

आधी चपला काढा. जिथे जायचंय तिथे त्या फारशा कुणाच्या पायात नाहीत. मोबाइल टेबलावर राहू द्या, घड्याळही. आणि वय? तेही इथेच उतरवा. सहा वर्षांचं होईल एवढंच अंग बरोबर घ्या, त्यावर उसवलेली चड्डी नाहीतर आखूड झालेला परकर, आणि डोक्याला भरपूर खोबरेल. आता भिंतीकडे तोंड करा, डोळे मिटा आणि वीसपर्यंत मोजा. बोटांच्या फटीतून बघायचं नाही.

अठरा, एकोणीस, वीस. वळा.

पहिला चटका तळपायांना बसतो. मे महिन्याची दुपार आहे, 1955च्या आसपासची, आणि तुम्ही मुंबईत नायगावच्या बीडीडी चाळींच्या मधल्या मोकळ्या जागेत उभे आहात. मातीवर पाय ठरत नाही. एक टेकवता, दुसरा उचलता, आणि असे नाचत नाचत भिंतीच्या सावलीत शिरता. तिथे पाठीला जरा गारवा लागतो आणि मग नाक जागं होतं. कुणाच्या तरी खोलीत निखाऱ्यांवर बोंबील भाजताहेत. शेगडीचा धूर, रॉकेल, मोरीतली ओली राख, खाटेवर वाळत घातलेल्या कुरडयांचा आंबूस वास. दादर टीटीच्या बाजूने ट्रामची घंटा ऐकू येते. डोक्यावर पाटी घेऊन करवंदवाली ओरडत जाते आणि चार पोरं तिच्यामागे उगाच थोडं अंतर धावतात. खिशात पैसा कुणाच्याच नाही.

वर बघा. तळमजला धरून चार मजले, एका चाळीत 80 खोल्या. एकेक खोली साधारण 160 चौरस फुटांची. तेवढ्यात आईबाप, आजी, चार-पाच पोरं, गावाहून गिरणीत लागलेला काका आणि अजून कुठेच न लागलेला त्याचा भाऊ. काका रात्रपाळी करून आलाय, आता झोपलाय, त्याच्या केसांत कापसाचं तूस तसंच आहे. खोलीत भांडं वाजलं तरी आजी डोळे वटारते. म्हणून पोरं खाली. लक्षात घ्या, त्यांना कुणी खेळायला पाठवलेलं नाही, नुसतं बाहेर काढलंय. संध्याकाळपर्यंत ती इथे काय करताहेत, कोण कुणाशी भांडतंय, हे बघायला कुठल्याही मोठ्या माणसाला सवड नाही. पुढे जे घडणार आहे ते या एका गोष्टीमुळे घडणार आहे.

“ए नवीन! खेळायचंय?”

विचारणारा बारा-तेरा वर्षांचा आहे. नाकाखाली घामाचे थेंब, गुडघ्यावर वाळलेली खपली, काखेत डालडाचा चेपलेला डबा. तुम्ही मान हलवता. तो तुम्हाला वरून खालपर्यंत बघतो, मागे वळतो आणि निकाल देतो, “कच्चं लिंबू!”

जमलेली पंधरा-वीस पोरं माना डोलावतात. कुणी हसत नाही, कुणी हरकत घेत नाही. संपलं, तुम्ही खेळात आहात.

या दोन शब्दांत तुम्हाला किती मिळालंय ते जरा मोजा. तुम्ही पळायचं, लपायचं, ओरडायचं, सगळं करायचं. पकडलं गेलात तरी तुमच्यावर राज्य येणार नाही. नियम चुकलात तर कुणी डाव मोडणार नाही. मात्र मोठ्यांच्या पायात यायचं नाही आणि लपलेल्यांची जागा सांगायची नाही. सहा वर्षांच्या मुलाला बारा वर्षांच्या मुलाबरोबर खेळताना हरण्याची भीती वाटते आणि बारा वर्षांच्याला सहा वर्षांचं लोढणं नको असतं. या दोघांनाही परवडेल अशी सोय पोरांनीच करून ठेवली आहे. बालवाडीची एखादी हुशार बाई खूप विचार करून याहून चांगलं काही काढू शकली असती असं मला वाटत नाही.

आता चकायचं. तिघंतिघं समोरासमोर येतात, हात हातांवर ठेवून वरखाली हलवतात आणि एकदम तळवे टाकतात, कुणी उताणा, कुणी उपडा. जो एकटा वेगळा पडला तो सुटला. सुटलेला उड्या मारत बाजूला होतो. उरलेले पुन्हा चकतात. शेवटी दोघं राहतात, तेव्हा सुटलेल्यांतला एक तिसरा म्हणून हात देतो. तुमचा हात घामेजलेल्या, धुळीने खरखरीत झालेल्या दोन हातांखाली दाबला जातो. कच्च्या लिंबाला चकायची गरज नाही, पण तुम्हाला कुणी बाहेरही काढत नाही. वीस पोरांत पहिलं राज्य कुणी घ्यायचं हा केवढा भांडणाचा प्रश्न, आणि तो दोन मिनिटांत निकालात निघतो. ज्याच्यावर राज्य येतं तो तोंड वाकडं करतो, पण घेतो. त्याला ठाऊक आहे की हात त्याचेच होते.

डबाऐसपैस. उंच मुलगा डबा गरागरा फिरवून जीव खाऊन फेकतो. तो पत्र्याचा खणखणाट करत गटाराच्या कडेपर्यंत जातो, राज्यवाला त्याच्यामागे धावतो आणि तेवढ्या वेळात सगळी जागा रिकामी होते. कुणीतरी तुमचं मनगट धरतं आणि ओढत जिन्याखाली नेतं.

इथे काळोख आहे. फुटकी बादली, कोळशाचं पोतं, आणि तुमच्याखेरीज तिघं. एकाच्या अंगाला कैरीचा वास येतोय, एकाच्या तोंडाला तिखट-मिठाचा. पोत्याची कुसळं पोटरीला टोचताहेत. बाहेर डबा रिंगणात ठेवल्याचा आवाज येतो, मग पावलं, मग शांतता. आणि नेमकं आत्ता तुम्हाला हसू येतं. पोटातून, दाबता न येणारं. शेजारचा मुलगा तुमच्या तोंडावर हात ठेवतो. त्याचाही हात हसण्यानं थरथरतोय. पावलं जवळ येतात. पळत सुटावं असं पायांना वाटतंय, तरी पळायचं नाही, कारण तुमच्यामागे तिघं लपलेत.

कधी आठवतंय, शाळेत “हाताची घडी, तोंडावर बोट” म्हटल्यावर एवढं गप्प बसला होतात? लेव्ह वायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने 1933 साली मुलांच्या खेळावर दिलेल्या व्याख्यानात नेमकी हीच गोष्ट हेरली होती. मूल स्वतःला आवरायला पहिल्यांदा शिकतं ते खेळात, कारण तिथे नियम पाळण्यातच मजा आहे. नियम मोडला तर शिक्षा होत नाही, खेळ संपतो, आणि ते अधिक वाईट. जिन्याखालच्या त्या काळोखात तुम्ही श्वास धरून बसलाय तो कुणाच्या धाकाने नाही. तुम्हाला आत राहायचंय.

“बंड्या ऐसपैस!” बाहेर आरोळी उठते, आणि लगेच दुसरा गलका: “अंडं! अंडं!” खांबाआडून दिसणारी निळी बाही बंड्याची होती खरी, पण आत दुसराच मुलगा निघाला. दोघांनी सदरे बदलले होते. चुकीचं नाव घेतलं म्हणून राज्यवाल्यावर अंडं चढलं, पुन्हा पहिल्यापासून, तेही लागोपाठ तिसऱ्यांदा. त्याचे डोळे भरून येतात. तो डब्याशी उभा राहून ओरडतो, “मी नाय घेणार!”

खेळ थांबतो. लपलेले एकेक करून बाहेर येतात. आता बघा. वरच्या खिडकीतून एक आई डोकावते आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागते. कुणी मोठं येत नाही. “रडीचा डाव!” एकजण चिडवतो. दुसरा म्हणतो, तीनदा झालंय त्याच्यावर, आता पुरे. तिसरा म्हणतो, पुरे कसं, उद्या मीही रडेन. वाद पाच मिनिटं चालतो. उंच मुलगा मध्ये पडतो आणि तोड काढतो: लागोपाठ तीन वेळा राज्य आलं तर पुन्हा चकायचं. इथून पुढे सगळ्यांसाठी. हा नियम काल नव्हता. आज दुपारी, तुमच्यादेखत, या मातीत तयार झाला, आणि रडणाऱ्या मुलामुळे तयार झाला.

ऊन कलतं. गिरणीचा भोंगा वाजतो, त्याची थरथर छातीत उतरते, आणि थोड्या वेळाने सुटलेल्या पाळीची माणसं डबे हातात घेऊन चाळीत शिरतात. पोरं त्यांना वाट देतात आणि पुन्हा जागा व्यापतात. पलीकडे विटीदांडू सुरू झालाय. तिकडे जरा लांबून बघा, विटी डोळ्याला लागली तर गंमत नाही.

विटी कोलली जाते, हवेत भिरभिरते, एक मुलगा झेप घेतो, धूळ उडते. झेलली की टिपून घेतली? इथे दोन देश आमनेसामने येतात. “आमच्या गावाक असा नाय चलत,” म्हणणारा मालवणकडचा. “आमच्याकडं चालतंय,” म्हणणारा साताऱ्याकडचा. दोघांनीही आपापला विटीदांडू गावाहून आणलाय, लाकडी नव्हे, डोक्यातला. त्यांच्या आज्यांनी तो तसाच पाहिला असेल. तुकोबांच्या गाथेत विटूदांडूवर आणि चेंडूफळीवर अभंग आहेत, तेव्हा खेळ जुना आहे आणि त्याच्या प्रत्येक गावच्या तऱ्हाही जुन्याच असणार. पण हे नायगाव आहे. इथे मालवणही चालणार नाही आणि साताराही. गटारात गेलेल्या विटीचं काय, खिडकीच्या गजाला लागलेल्या विटीचं काय, हे प्रश्न गावाकडे नव्हतेच. त्यांची उत्तरं इथेच शोधावी लागतात. दांडूने अंतर मोजायला सुरुवात होते, वकट, लेंड, मुंड, नाल, आणि मोजणारा दांडू पूर्ण टेकवतोय की लबाडी करतोय यावर दहा जोडी डोळे खिळलेले असतात.

जवळपास याच सुमाराला दूर स्वित्झर्लंडमध्ये एक पुस्तक बावीस-तेवीस वर्षं जुनं झालेलं आहे. जाँ पियाजे या मानसशास्त्रज्ञाने जिनिव्हा आणि न्यूशातेलच्या मुलांसमोर गोट्या ठेवल्या आणि सांगितलं, मला खेळ येत नाही, शिकवा. मुलं शिकवत गेली, तो विचारत गेला: हा नियम कुणी केला? तो बदलता येईल का? 1932 साली प्रसिद्ध झालेल्या मुलांच्या नीतिविचारावरच्या पुस्तकात त्याने लिहिलं की लहान मुलांना नियम थोरांकडून आलेले आणि अढळ वाटतात. मोठी झालेली मुलं मात्र म्हणतात, सगळ्यांनी कबूल केलं तर बदलता येतो. हा बदल धड्यांनी होत नाही, बरोबरीच्या मुलांशी घासाघीस करून होतो. पियाजे नायगावला आला असता तर त्याला सातारा आणि मालवण यांच्यामध्ये उभं राहून हे सगळं एका संध्याकाळी बघायला मिळालं असतं.

मालवणवाला हरतो. “कट्टी!” म्हणून तोंड फिरवतो आणि भिंतीला टेकून उभा राहतो. त्याच्याशिवाय दोन डाव होतात. मग एका बाजूला भिडू कमी पडतो. कुणी माफी मागत नाही, नुसता साताऱ्याचा मुलगा दोन बोटं पुढे करतो. मालवणवाला आधी दुसरीकडे बघतो, मग स्वतःची दोन बोटं पुढे करतो. बट्टी. उद्या पुन्हा कट्टी होईल, तिची कुणाला चिंता नाही. तुटलेलं जोडता येतं याची खात्री या पोरांना सहाव्या-सातव्या वर्षीच झालेली आहे.

हे सगळं इतकं गोड आहे असं मात्र समजू नका. जिन्याच्या पायरीवर ती आठ वर्षांची मुलगी बघा. कडेवर दीड वर्षांचा भाऊ, त्याच्या नाकातून शेंबूड, तिच्या हातात पाच सागरगोटे. एक वर उडवते, उरलेले खालून टिपते, वरचा झेलते, आणि या सगळ्यात भाऊ कडेवरून घसरत नाही. तिला लंगडी खेळायची आहे. आखलेल्या घरांजवळ तिच्या मैत्रिणी ठिकरी टाकताहेत. ती मधूनमधून भावाला पायरीवर बसवते, दोन घरं उडून येते, तो रडतो, ती परत येते. वरून हाक येते, “पाणी आलं!” की तिचा डाव तिथेच संपतो. मुलग्यांचा असा कधी संपत नाही. तिच्या कडेवरच्या बाळाला मात्र या पायरीवरून सगळं दिसतंय: कोण चिडलं, कोण परत आलं, कुणाला पाळी मिळाली. अजून बोलता येत नाही, तरी ठिकरी घरात पडली की ते टाळ्या वाजवतं.

आणखी एक बघा. तहान लागल्यावर पोरं सगळ्याच दारांशी पाणी मागत नाहीत. कुठल्या घरात पेला मिळेल, कुठे वरून ओंजळीत पाणी ओततील आणि कुठे जायचंच नाही, हे त्यांना पाठ आहे. जातीचं हे गणित मोठ्यांनी आखलेलं आहे आणि खेळाने ते पुसलेलं नाही. डबाऐसपैसच्या जिन्याखाली चौघांचे श्वास एकत्र होतात आणि पाण्याच्या वेळी तेच चौघं वेगवेगळ्या दारांशी जातात. या गोष्टीची मला चीड येते, आणि ती वगळून त्या अंगणाचं कौतुक करणं खोटं होईल. तरीही जिन्याखाली ज्याच्या तोंडावर हात ठेवला त्याला पुढे आयुष्यभर परका मानणं थोडं अवघड गेलं असेल, एवढी आशा मी धरतो.

दिवेलागण व्हायला आली. एकेका खिडकीतून हाका सुरू होतात, उदबत्तीचा वास उतरतो, कुठे फोडणी चुरचुरते. “शेवटचा डाव, शेवटचा!” लगोरी लागली आहे. फुटक्या फरशीचे सात तुकडे एकावर एक. चिंध्यांवर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या चढवून केलेला चेंडू. अंधुक उजेडात नेम बसतो, लगोर फुटते, सगळे पांगतात. तुमच्या बाजूचा मोठा भिडू चेंडूला पाठ देऊन तुकडे रचायला वाकतो. चार, पाच, सहा. धप्पकन चेंडू त्याच्या पाठीत बसतो. तो आऊट.

एक तुकडा उरलाय. जवळ फक्त तुम्ही आहात. तुम्ही कच्चं लिंबू आहात, तुमच्यावर चेंडू मारून काय उपयोग, म्हणून कुणाचं लक्ष नाही. तुम्ही पुढे होता, तो सातवा तुकडा उचलता आणि ठेवता. तो डुगडुगतो, मग राहतो.

“लगोरी!”

हे कोण ओरडलं? तुम्हीच. आणि लगेच भांडण. समोरचे म्हणतात, लिंबाने रचलेली धरायची नाही. आपल्या बाजूचे म्हणतात, का नाही धरायची? आवाज चढतो, वरून हाकाही चढतात. उंच मुलगा डोकं खाजवतो, तुमच्याकडे बघतो आणि पुन्हा निकाल देतो: लगोरी धरली, पण मग आता हे लिंबू नाही. उद्यापासून चकायचं, उद्यापासून राज्य.

पाठीत कुणीतरी गुद्दा मारतं, प्रेमाने. उद्या तुमच्यावर राज्य येऊ शकतं, आणि कुणी काही दिलं असेल असा आनंद तुम्हाला झालाय. मोठ्यांच्या जगात जबाबदारी इतक्या आनंदाने कुणी घेतल्याचं क्वचितच बघायला मिळतं.

चला, परत यायला हवं. भिंतीकडे तोंड करा, वीसपर्यंत मोजा.

बीडीडीच्या त्या चाळी आता पाडल्या जाताहेत. तिथे उंच इमारती उभ्या राहताहेत आणि 160 चौरस फुटांच्या बदल्यात 500 चौरस फुटांची घरं आहेत. ती मिळायलाच हवी होती. दाटी, मजल्यावर सगळ्यांत मिळून असलेले संडास, आठ वर्षांच्या मुलीच्या कडेवरचं ओझं, यांतलं काहीही परत यावं असं मला वाटत नाही. परत हवं ते एवढंच: पाच वर्षांचं, आठ वर्षांचं आणि बारा वर्षांचं मूल एका जागी, रोज, आणि त्यांच्या डोक्यावर मोठं माणूस नाही. आज पाच वर्षांचं मूल पाच वर्षांच्याच मुलांबरोबर शाळेत जातं, क्लासला जातं, तिथे शिट्टी प्रशिक्षकाकडे असते आणि भांडण झालं की बाई येतात. त्याला लिंबू म्हणून आत घेणारं कुणी भेटत नाही, आणि पुढे त्याच्या हाताखाली कुणी लिंबूही येत नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसल्यावर बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. अंगणात मुलं आधीपासून जमलेली असतात हे त्यांनी ओळखलं होतं. आपल्याला आता उलटं करावं लागेल: मुलांना अंगणात जमवावं लागेल.

तेव्हा एक करा. तुमच्या इमारतीच्या आवारात गाड्या लावल्यावर उरते तेवढी जागा संध्याकाळी एक तास मोकळी ठेवायला सोसायटीच्या सभेत सांगा. “खेळण्यास मनाई” अशी पाटी असेल तर ती काढायला लावा. आपलं मूल घेऊन खाली जा, शेजारच्या मजल्यावरच्या मोठ्या मुलांना सांगा की याला खेळायला घ्या, आणि मग वर निघून या. लगोरीला सात चपटे दगड पुरतात, डबाऐसपैसला एक रिकामा डबा. नियम सांगू नका, ते ठरवतील. रडण्याचा आवाज आला तर खिडकीशी जा, रक्त नाही एवढं बघा आणि पाच मिनिटं थांबा. बहुतेक वेळा त्या पाच मिनिटांत खेळ पुन्हा सुरू झालेला असतो.